तंजावरचा राजवाडा, चोळांच्या मूर्ती आणि आमच्या सासूबाई : किती वेळ ठेवावा?

सुपारीफूल
नमस्कार मंडळी. जानेवारीत कुंभकोणमला नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचं लग्न आहे. मी, नवरा आणि सासूबाई (वय ७६, गुडघे सोडले तर ठणठणीत) असे तिघं जातोय. लग्नानंतर तंजावरसाठी एक पूर्ण दिवस हाताशी आहे. सकाळी बृहदीश्वर, त्यावर वाद नाही. वाद दुपारवर आहे.

राजवाड्यात चोळकालीन देवमूर्तींचं मोठं संग्रहालय आहे असं वाचलं. नवऱ्याच्या मते तासाभरात आटपेल, "मूर्तीच तर आहेत". मला तसं वाटत नाही. पण माझी खरी अडचण सासूबाई. मागे एका संग्रहालयात काचेच्या कपाटातल्या विष्णूसमोर त्या चप्पल काढून उभ्या राहिल्या आणि तिथल्या रखवालदाराला विचारलं, "याला नैवेद्य कोण दाखवतं?" तो बिचारा कपाटाला हात लावू नका एवढंच सांगायला आला होता. मग दिवसभर "देवाला असं उघडंवाघडं ठेवतात का" हे ऐकलं.

तर प्रश्न दोन. तिथे किती वेळ ठेवावा, आणि सासूबाईंना न्यावं की हॉटेलात आराम करू द्यावा?

चिंचोका
एक तास?? नवऱ्याला आमच्याकडे पाठवा, समजूत घालतो.

किमान तीन तास ठेवा. आणि एक लक्षात घ्या, राजवाडा म्हणजे एक इमारत नाही. कलादालन वेगळं, मराठा दरबार वेगळा, सरस्वती महाल ग्रंथालयाचं प्रदर्शन वेगळं, तिकिटंही वेगवेगळी. लोक पहिल्या दारात जे तिकीट मिळेल ते काढतात, दरबारात फोटो काढतात आणि "झाला राजवाडा" म्हणून बाहेर पडतात. मूर्ती राहतात त्या राहतातच.

खडूस_आजोबा
सासूबाईंना न्या. नवऱ्याला हॉटेलात ठेवा.

मोडीवाला
धाग्याचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्याने जरा लांबण लावतो.

राजवाडा मुळात भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांचा, सोळाव्या शतकापासून बांधत गेलेला. १६७५ च्या आसपास शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे आले आणि मग १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य राहिलं, शेवटची काही दशकं नुसतं नावापुरतं. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं.

या सगळ्यांत पाहण्यासारखा माणूस म्हणजे दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२). सत्ता इंग्रजांनी काढून घेतल्यावर या माणसाने काय करावं? ग्रंथ जमवले, डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवले आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून नोंदी ठेवल्या, देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक तंजावरात १८०६ साली छापलं गेलं, तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता आणि छापखाना नव्हता. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या घरात आहेत, मोडी कागदांचे गठ्ठे निराळे. आणि बृहदीश्वराच्या प्राकारात भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे. मराठी माणसाने तो वाचल्याशिवाय परत येऊ नये. सरफोजींचा पांढराशुभ्र संगमरवरी पुतळाही कलादालनातच आहे, नायकांच्या जुन्या दरबारात.

कावेरीकाठ
मोडीवाला, माहिती उत्तम. पण नेमकं हेच होतं बघा. तिने विचारलं चोळांच्या मूर्तींबद्दल, उत्तर आलं भोसल्यांबद्दल. आपली मंडळी तंजावरला जातात ती "आपलं" शोधायला. दरबार, तलवारी, वंशवृक्ष. आणि त्याच आवारात जगातल्या सर्वोत्तम कांस्यमूर्तींपैकी काही उभ्या आहेत, त्यांच्यासमोरून भराभरा पुढे जातात.

मी एकाच मूर्तीबद्दल लिहिते. तिरुवेंगाडू गावच्या देवळाचा वृषभवाहन शिव. इ.स. १०११, म्हणजे राजराज चोळाने बृहदीश्वर पूर्ण केला त्याच्या पुढच्याच वर्षीचा. तारीख अंदाजाने लावलेली नाही, त्या देवळातल्या शिलालेखात मूर्तीची नोंद आहे. उंची साधारण एक मीटर. त्रिशूळ नाही, डमरू नाही, चार हात नाहीत. एक तरुण माणूस उभा आहे, एक पाय दुसऱ्यावरून तिरका टाकलेला, एक हात कमरेपाशी, आणि उजवा हात कोपरात वाकवून हवेत टेकलेला. हवेत, कारण तो ज्याच्या पाठीवर टेकला होता तो नंदी सापडलेलाच नाही. केस पागोट्यासारखे गुंडाळलेत. जवळ गेलात की दिसतं, वेढ्यांमधून साप फिरतोय आणि बाजूला चंद्रकोर खोचली आहे. मग मागे जा. पाठीचा कणा, कमरेची लय, पागोट्याचे मागचे वेढे, सगळं समोरच्याइतकंच मन लावून घडवलंय. देवळात देवाची पाठ कोणाला दिसणार होती? तरी घडवली.

शेजारी पार्वती आहे, ती एका वर्षाने नंतरची, १०१२ ची. ती त्याच्याकडे बघत नाही. तरी त्या दोघांत काहीतरी चालू आहे.

माझा अर्धा तास या दोघांपाशीच जातो.

मोडीवाला
मान्य. पण कलादालन १९५१ साली उभं राहिलं ते भोसल्यांच्या वाड्यात जागा होती म्हणून, एवढं तरी श्रेय द्या.

कावेरीकाठ
नायकांच्या वाड्यात.

मोडीवाला
बरं, नायकांच्या. तुम्हाला नमस्कार.

ओतारी
कावेरीकाठ यांनी पाठीचं लिहिलं म्हणून लिहितो. आमच्या घरात पितळी समया आणि घंटा ओतायचं काम आजोबांपर्यंत चालू होतं, त्यामुळे तिथे गेल्यावर मी देव कमी आणि ओतकाम जास्त बघितलं.

या मूर्ती मेणाच्या पद्धतीने होतात, ग्रंथांत मधूच्छिष्टविधान म्हणतात ती. मधमाशीचं मेण आणि राळ यांची आधी पूर्ण मूर्ती घडवायची, दागिन्यासकट. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचा लेप, मग जाड माती, तारा बांधून साचा सुकवायचा. तापवला की मेण वितळून बाहेर येतं आणि पोकळीत धातू ओततात. थंड झाल्यावर साचा फोडायचा. साचा फुटला म्हणजे दुसरी तशीच मूर्ती होणं नाही, प्रत्येक एकटी.

आता गंमत ही की या मूर्ती भरीव असतात. भरीव ओतणं पोकळपेक्षा सोपं वाटतं, पण तसं नाही. एवढा धातू थंड होताना आकसतो, कुठे भेग जाते, कुठे बोट अर्धंच भरतं. नटराजाची प्रभावळ, उडत्या जटा, उचललेला पाय हे सगळं नीट भरायचं म्हणजे धातू कुठून घालायचा आणि हवा कुठून बाहेर सोडायची हे आधीच डोक्यात पक्कं हवं. ते कागदावर कोणी लिहून ठेवलेलं नाही.

कुंभकोणमहून स्वामिमलै अगदी जवळ आहे. तिथे स्थपती, म्हणजे मूर्तिकार, आजही याच पद्धतीने ओततात, काम बघू देतात. सुपारीफूल, लग्नाच्या धामधुमीतून सकाळचे दोन तास काढा आणि आधी ते बघा. मग राजवाड्यात नवऱ्याला "मूर्तीच तर आहेत" म्हणायची हिंमत होणार नाही.

डचवाडी
भरीव असण्यावरून : इथे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एक मोठा चोळ नटराज आहे. तो भरीव आहे की पोकळ हे नेहमीच्या क्ष-किरणांनी कळेना, एवढा जाड धातू. शेवटी देवाला ट्रकमध्ये घालून रॉटरडॅम बंदरात नेलं आणि जहाजाचे कंटेनर तपासायच्या यंत्रातून काढलं. निघाला भरीव, प्रभावळीसकट.

खडूस_आजोबा
कस्टमवाल्यांनी तरी देवाला सोडायचं होतं.

चिंचोका
काही जाहीर करायचंय का म्हणून विचारलं असेल. "तांडव."

दक्षिणी
मी तंजावरच्या मराठी घरातली, आता चेन्नईत. घरात मराठी बोलतो पण शाळा तमिळ, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

सुपारीफूलच्या सासूबाईंचा प्रश्न मला चेष्टेचा वाटला नाही. माझी आजी कलादालनात कधी आली नाही. शिवगंगेच्या बाजूला राहायची, मोठ्या देवळात रोज जायची, राजवाड्यात देवी बघायला चल म्हटलं की म्हणायची, "त्यांना आंघोळ नाही, वस्त्र नाही, मी कशी बघू?"

तुम्ही सगळे कमरेची लय, पाठीचा कणा म्हणता. देवळात उत्सवमूर्ती बघितलीय का? रेशमी वस्त्र, हार, दागिने, चंदन. दिसतो फक्त चेहरा, कधी कधी हाताची बोटं. कमर कोणालाच दिसत नाही, अभिषेक करणाऱ्या गुरुक्कलला सोडून. त्या मूर्तींच्या बैठकीला कड्या आणि भोकं दिसतील बघा, त्यात दांडे घालून खांद्यावरून मिरवणूक निघायची. गाभाऱ्यातला देव हलत नाही म्हणून हा देव बाहेर यायचा. ज्यांना आत जाता येत नव्हतं त्यांनाही रस्त्यावर दिसायचा. मूर्ती घडवली ती चालत्या देवासाठी. आता ती काचेत थांबली आहे.

मी तिथे वर्षातून एकदा जाते, मला आवडतं. पण आजीचं चूक होतं असं म्हणवत नाही.

कावेरीकाठ
दक्षिणी, तुमचं मराठी माझ्यापेक्षा बरं आहे.

पण मला हाच मुद्दा उलटा दिसतो. झाकलं जाणार हे ठाऊक असून स्थपतीने ती कंबर तशी घडवली. हजार वर्षं ती गुरुक्कल आणि स्थपती यांच्यातच राहिली. संग्रहालयात आपण उभे असतो ते त्या स्थपतीच्या बाजूला. भक्ताच्या बाजूला नाही, कबूल. पण ही जागाही वाईट नाही.

दक्षिणी
जागा वाईट नाही. फक्त ती जागा आपल्याला कोणी दिली ते विचारते.

पाटावरवंटा
म्हणजे काय, मूर्ती देवळात परत द्याव्यात का? माझं मत, हो. देव देवळात, राजा राजवाड्यात.

मोडीवाला
पाटावरवंटा, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. यातल्या कित्येक मूर्ती देवळातून उचलून आणलेल्याच नाहीत. चौदाव्या शतकात मलिक काफूरची स्वारी आली, नंतरही धामधूम झाली, तेव्हा पुजाऱ्यांनी मूर्ती जमिनीत पुरल्या. पुरणारे गेले, जागा विसरली. मग शेतात नांगराला, पाया खणताना एकदम चार-सहा देव वर येतात. तिरुवेंगाडूचा हा साठाही जमिनीतूनच १९५० च्या दशकात मिळाला. सापडलेलं धन सरकारजमा, हा १८७८ चा कायदा. कलादालनातल्या अनेक मूर्तींवर अजून बारकावे तीक्ष्ण दिसतात ते यामुळेच. जी मूर्ती सतत पूजेत राहिली तिचं नाक-डोळे शतकानुशतकांच्या अभिषेकाने आणि पुसण्याने गुळगुळीत होतात.

आणि परत देऊन ठेवणार कुठे? लहान गावातल्या देवळात रात्री राखण कोण करणार? चोरीच्या भीतीने कितीतरी देवळांच्या मूर्ती तिरुवारूरच्या मूर्तिकेंद्रात कुलपात आहेत, उत्सवापुरत्या गावात जातात. तिथे पूजाही नाही आणि बघायलाही मिळत नाही.

पाटावरवंटा
चोरीची भीती खरी. पण मग पत्तूरच्या नटराजाचं काय? १९७६ मध्ये गावातल्या एका मजुराला खणताना सापडला, दलालांच्या हातून लंडनला पोचला. तिथल्या कोर्टात खटला उभा राहिला आणि वादी कोण, तर पडकं देऊळ! इंग्रजांच्या कोर्टाने मान्य केलं की देऊळ आपल्या देवासाठी दावा लावू शकतं. १९९१ मध्ये नटराज परत आला. श्रीपुरंदानचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतला होता, तो २०१४ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी स्वतः आणून दिला. एवढी लढाई करून आणायचं आणि कुलपात घालायचं?

खडूस_आजोबा
देव वादी असेल तर उलटतपासणी कोणी घेतली?

चिंचोका
तारीख पे तारीख त्यालाही चुकली नाही म्हणजे.

पणजीकर_बाय
अवांतर होईल, पण आमच्याकडे हीच चर्चा दुसऱ्या वेशात चालते. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. हस्तिदंती बाळ येशू, चांदीची पूजापात्रं, लाकडी संत. घडवणारे हात इथलेच. बाळ येशूच्या चेहऱ्यात मला तरी आमच्या देवळातला बाळकृष्ण दिसतो. एक चांदीचं पवित्र पात्र पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं आहे, ते बघायलाच लोक येतात.

माझी शेजारीण तिथे गेली की क्रूस करते, पर्यटकांसमोर, न लाजता. मी विचारलं, वेदीवर नसताना कशाला? म्हणाली, "तो कुठे बसलाय ते त्याला विचार, मी कुठे उभी आहे ते मला ठाऊक आहे."

सुपारीफूल, सासूबाईंना नमस्कार करू दे की. कोणाचं काय जातं?

सुपारीफूल
बाप रे, दोन दिवस फोन बघितला नाही तर इतकं! सगळ्यांचे आभार, ओतारी यांचं स्वामिमलै नक्की.

दक्षिणी, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. आजींचं वाक्य ऐकून म्हणाल्या, "बघ, मी एकटी वेडी नाही." आणि लगेच, "पण मी जाणार. न जाऊन कसं कळणार?" तेव्हा हॉटेलचा पर्याय बाद.

आता सांगा, त्यांना काय काय दाखवू? वृषभवाहन आणि पार्वती पक्के. चालणं कमी हवं.

कावेरीकाठ
कल्याणसुंदर! शंकर-पार्वतीचं लग्न, तेही तिरुवेंगाडूचंच. शिवाने पार्वतीचा हात हातात घेतलाय, ती मान खाली घालून उभी. विष्णू कन्यादान करतोय कारण तो नवरीचा भाऊ, आणि लक्ष्मी मागून तिला हलकेच पुढे सारतेय. लक्ष्मीचा तो हात बघा. आपल्याकडे बोहल्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही करवलीचा हात असतो तसाच. सासूबाईंना इथे नैवेद्याची आठवण येणार नाही, अक्षता शोधतील.

चिंचोका
म्हणजे विष्णू शंकराचा मेहुणा. तरीच दोघांचं जमतं.

खडूस_आजोबा
तुमचं मेहुण्याशी जमतं? भाग्यवान आहात.

कावेरीकाठ
दगडी मूर्तींत दारासुरमहून आणलेला गजसंहार सोडू नका. काळा पाषाण, हत्तीचं कातडं प्रभावळीसारखं मागे पसरलंय आणि शिव त्यात पिळवटून नाचतोय. बाजूला पार्वती घाबरून मागे सरते. दारासुरमचं देऊळ कुंभकोणमला लागूनच आहे, वाटेत ते बघून आलात तर ही मूर्ती कुठल्या घरची ते कळेल.

आणि एक सूचना. भिक्षाटनमूर्तीही आहे. महादेव, पायात खडावा, अंगावर साप आणि बाकी काही नाही. सासूबाईंना आधी कल्पना द्या.

दक्षिणी
कल्पना कशाला द्यायची? दिगंबर हे त्याचं नावच आहे. माझी आजीसुद्धा या एका मूर्तीला वस्त्र मागू शकली नसती.

ओतारी
हाहा, दक्षिणी, हे आवडलं.

चालण्याबद्दल : मूर्तींची दालनं बरीचशी तळमजल्यावर आहेत, मनोऱ्यावर मात्र आईंना नेऊ नका, जिने अरुंद. तिथे व्हेलचा सांगाडा आहे, तो नवऱ्याला एकट्याने बघू दे. देवांच्या वाड्यात व्हेल काय करतो हे विचारू नका, तंजावरला असं चालतं.

नवखा_पांथ
धागा वाचतोय, पुढच्या महिन्यात मीही जाणार आहे, म्हणून रुमाल टाकून ठेवतो. तंजावरची सोन्याच्या वर्खाची चित्रं पण तिथेच मिळतात का? आणि खरी कशी ओळखायची?

मोडीवाला
चित्रं शहरात जागोजागी मिळतात. ही कला फुलली ती भोसल्यांच्याच काळात (कावेरीकाठ, हे तरी मान्य करा). लाकडी फळीवर कापड, त्यावर चुन्याच्या लुकणाचा उठाव, वर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. चित्र तिरकं धरून बघा, दागिने आणि महिरप पृष्ठभागावरून उठलेली दिसली पाहिजेत. सपाट असेल तर छापील. वर्ख सोन्याचाच आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, माहितीच्या दुकानातून घ्या. मला एका दुकानदाराने "अस्सल, सरफोजी महाराजांच्या काळातलं" म्हणून दाखवलेल्या चित्रात कृष्णाच्या मागे विजेचा दिवा होता.

कावेरीकाठ
चित्रांचं श्रेय भोसल्यांना. खुल्या मनाने दिलं.

पाटावरवंटा
माझा प्रश्न तसाच राहिला हं. देव देवळात की नाही?

दक्षिणी
पाटावरवंटा, मी एक सांगते आणि थांबते. ज्या मूर्तीचं देऊळ अजून उभं आहे, गाव मागतंय आणि राखणीची सोय आहे, तिला जाऊ द्यावं. ज्या मूर्तीचं गावच कोणाला ठाऊक नाही ती कुठे जाणार? तिला हा वाडा आहे. सगळ्यांना एकच नियम लावला की भांडण होतं.

पाटावरवंटा
यावर भांडता येत नाही, ही तुमची चाल चांगली आहे.

सुपारीफूल
तर ठरलं असं : आदल्या दिवशी सकाळी स्वामिमलै, दुपारी दारासुरम. तंजावरला सकाळी लवकर बृहदीश्वर, मोडीवाला यांचा शिलालेख बघून (वाचून नाही, इतका वेळ सासूबाई देणार नाहीत), जेवण, मग दुपारी तीन तास फक्त मूर्ती. दरबार आणि सरस्वती महाल यांतलं जे जमेल ते. नवरा व्हेलकडे.

सासूबाईंनी पिशवीत छोटी डबी ठेवली आहे. काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "खडीसाखर. कपाटाला हात लावणार नाही, लांबून दाखवीन."

खडूस_आजोबा
रखवालदाराला पण द्या थोडी.

चिंचोका
इतके प्रतिसाद झाले आणि सांबार तंजावरच्या मराठ्यांनी शोधलं की नाही यावर अजून कोणीच आलं नाही?

मोडीवाला
चिंचोका, हात जोडतो. त्यासाठी वेगळा धागा काढा.